जिवंत माणसाचा फोटो

ओतिलियाचा त्या बाईवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. तसा तिचा कुणावरच नव्हता म्हणा. घरमालकावर नव्हता, चर्चमध्ये नव्याने आलेल्या पाद्र्यावर नव्हता, आणि फुकटात लस टोचायला येणाऱ्या पांढऱ्या गाडीवर तर मुळीच नव्हता. पण या सगळ्यांना दाराबाहेर ठेवता येत होतं. ही बाई मात्र पोरीच्या दप्तरातून थेट स्वयंपाकघरात शिरली.

त्या वर्षी शाळेत नवा विषय आला होता. एथ्निक स्टडीज.

"म्हणजे काय गं?" ओतिलियाने तव्यावरची तोर्तिया उलटता उलटता विचारलं.

"म्हणजे आपला इतिहास, आमा," यारेली म्हणाली. "आपण कोण, कुठून आलो, इथे या शेतांमध्ये आपल्या लोकांनी काय काय सोसलं. बारागान बाई शिकवतात."

"ते मला ठाऊक आहे. त्याला शाळा कशाला हवी?"

"मला नाही ना ठाऊक."

सोळा वर्षांची पोर, इथेच सीमेच्या अलीकडे, या दरीत जन्मलेली, बोलायला बापासारखी गोड आणि वाद घालायला आईसारखी. ओतिलियाने तिच्या ताटात तोर्तिया वाढली. पण पुढच्या आठवड्यात पोरगी गृहपाठ घेऊन आली तेव्हा तिने तो दोनदा वाचायला लावला. घरातल्या मोठ्यांना विचारा : या देशात सगळ्यांत आधी कोण आलं? कुठून? वाटेत कोण भेटलं? नदीवरून आले की वाळवंटातून? वर्गात भिंतभर नकाशा लावलाय म्हणे, आणि ज्याने त्याने आपापल्या गावावर टाचणी टोचायची.

"त्या बाईला भूगोल शिकवायचाय की आमचे पत्ते गोळा करायचेत?" ओतिलिया म्हणाली.

"आमा, ती आपल्यातलीच आहे. तिचे आजोबा द्राक्षं तोडायचे."

"आपल्यातली आहे म्हणूनच भीती. परका माणूस विचारेल काय आणि त्याला कळेल काय? आपल्यातल्याला नेमकं काय विचारायचं ते कळतं."

आता ओतिलियाला उगाच शंकेखोर म्हणू नका. तिच्या घरात एलिसेओ होता. नवरा. सोन्यासारखा माणूस, गोठ्यावर गाई पिळायचा, पण या देशात राहायचे कागद नव्हते. एकदा मिग्राने, म्हणजे कागद तपासणाऱ्या सरकारी पोलिसांनी, धरून सीमेपलीकडे नेऊन सोडलं होतं. वर्षाच्या आत चालत चालत परत आला, कारण पोरगी तेव्हा लहान होती आणि त्याला तिच्यावाचून करमेना. पहिल्यांदा धरलं तर नुसतं हाकलतात. दुसऱ्यांदा धरलं तर आधी तुरुंग आणि मग कायमची हकालपट्टी. हे त्या घरात रोज कुणी बोलून दाखवत नसे, पण दार कुणी वाजवलं की तिघंही आधी एकमेकांकडे बघत आणि मग दाराकडे.

आणि त्यात एलिसेओचा स्वभाव! या माणसाला जगात कुणी वाईट दिसतच नसे. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की हा उतरलाच धक्का मारायला. ओतिलिया कपाळ बडवून घ्यायची. "अगं, बाई पोरीला शिकवते," तो म्हणाला, "तुला काय खाते?"

"मला नाही, तुला खाईल," ओतिलिया म्हणाली, आणि पोरीकडे वळली. "तुझ्या बाईला सांग, बाप मेला."

"आमा!"

"मेला म्हणून सांग. तिकडे, आपल्या गावी, मिचोआकानला. मेलेल्या माणसाला कुणी शोधत नाही. त्याचा पत्ता कुणी विचारत नाही."

असं बोलताना तिने टेबलाखालून लाकडाला हात लावला, मनातल्या मनात देवाची माफी मागितली. एलिसेओ घास चावत हसला आणि म्हणाला, "बरं झालं, मेलो तर उद्या पहाटे गाई पिळायला जायला नको." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घालून निमूटपणे जेवण संपवलं.

एवढ्यावर थांबती तर ती ओतिलिया कसली! डाळिंबांचा हंगाम होता. पॅकिंगच्या शेडमध्ये पट्ट्यावरून डाळिंबं वाहत यायची आणि बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून फुटकी बाजूला टाकायच्या. हात तिथे आणि तोंड मोकळं. कुणाची ना कुणाची पोरं त्याच वर्गात होतीच. दोन्या चोले, शेडमधली सगळ्यांत थोरली, गुडघ्यांनी हैराण, तिची नात यारेलीच्या बाकावर बसायची.

"माझ्या पोरांचं काय सांगायचं गं?" दोन्या चोलेने विचारलं. "कागद दोघांकडेही नाहीत, आणि शाळेत रोज विचारतात. नातीला झोप नाही."

"मारून टाका," ओतिलिया म्हणाली.

"दोघांनाही?"

"त्यात काय एवढं? एकाला मारलं तर दुसरा कुठाय विचारतील."

पट्ट्याभोवती हशा पिकला. पण बायका हसता हसता विचार करत होत्या, हे ओतिलियाला दिसलं. तिला बरंही वाटलं. चार ठिकाणी एकच उत्तर गेलं म्हणजे कुणाच्या उत्तरावर कुणी बोट ठेवणार नाही, असा तिचा हिशेब.

मग बाईंचा फोन आला. आवाज मऊ, स्पॅनिश अगदी धुतल्यासारखी स्वच्छ. "सेन्योरा, यारेलीच्या वडिलांबद्दल कळलं. फार वाईट वाटलं हो. तुम्हाला काही मदत लागली तर सांगा." ओतिलियाने हो-हो करून फोन ठेवला आणि दिवसभर त्या मऊपणाचा अर्थ लावत बसली. मदत कसली? सरकारी का? कोणत्या ऑफिसातून?

एका शनिवारी तर ती बाई घरीच आली. सगळ्या मुलांच्या घरी जातेय म्हणे. एलिसेओ न्हाणीघरात घुसला आणि बाई होती तेवढा वेळ टबाच्या कडेवर श्वास धरून बसून राहिला. बाईने दोन कप कॉफी घेतली. दुसरा कप मागून घेतला! ओतिलियाला तिला कोपराने ढकलून बाहेर काढावंसं वाटत होतं. निघताना बाई भिंतीवरच्या फोटोपुढे थांबली. यारेलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा फोटो, लेक फुगीर झग्यात आणि बाप भाड्याच्या सुटात, डोक्यावर मात्र आपलीच हॅट.

"काय रुबाबदार होते," बाई म्हणाली.

"होते ना," ओतिलिया म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून तिने डोळ्यांना स्वयंपाकाचा टॉवेल लावला.

बाई गेली तसा न्हाणीघरातला मेलेला बाहेर आला आणि आरशापुढे उभा राहून मिशीवरून हात फिरवायला लागला. "ऐकलंस? रुबाबदार."

"तिने तुझा चेहरा पाहून ठेवला," ओतिलिया म्हणाली. "आता चेहराही गेला तिच्याकडे."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला, पितरांच्या दिवशी, शाळेने पालकांना बोलावलं. वर्गाने लायब्ररीत ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांच्या फोटोंची आरास, मांडलीय, दुपारी चारला या, मुलं बोलतील, मग चहापाणी. ओतिलियाला जायचं नव्हतं. पण न गेल्याने जास्त डोळ्यांवर येईल असंही वाटलं, आणि ती बाई करते तरी काय ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचंच होतं. तिला गाडी चालवता येत नव्हती. एलिसेओने जुन्या ट्रकमधून आणून सोडलं.

"उतरू नकोस," तिने बजावलं. "खाली सरकून बस. कुणी काही विचारलं तर झोपलायस."

"बरं."

"एलिसेओ, खरंच हं."

"अगं बरं म्हटलं ना!"

लायब्ररीत पाऊल टाकलं आणि क्षणभर ती सगळं विसरलीच. टेबलांवर टेबलं रचून पायऱ्या केलेल्या, त्यावर पांढऱ्या चादरी, कातरकामाचे रंगीत कागद, आणि झेंडू, झेंडू, झेंडू. गोड पाव, मीठ, पाण्याचे पेले. मेणबत्त्या तेवढ्या बॅटरीच्या, कारण शाळेत खऱ्या पेटवायला बंदी. तिची आई गावी अशीच मांडायची. इथे भाड्याच्या घरात, दोन पाळ्यांच्या मधे, ओतिलियाने इतक्या वर्षांत एकदाही मांडली नव्हती.

मग तिला तो दिसला. उंच, गोरा, पिकल्या केसांचा माणूस, हातात फोन आडवा धरलेला. शेजारच्या बाईने कानात सांगितलं, मिस्टर व्हिटेकर, शाळा मंडळाचे. हा विषय ठेवायचा की बंद करायचा यावर मंडळ मत घेणार आहे, म्हणून बघायला आलेत. व्हिटेकर ओफ्रेंदापुढून सावकाश फिरत होता आणि एकेका फोटोवर फोन धरून चित्रण करत होता. एक चेहरा. पुढचा चेहरा. त्याच्या पुढचा.

घ्या, ओतिलियाच्या मनात आलं. बाई गोळा करते आणि हा उचलून नेतो. सापळा म्हणतात तो हाच.

आणि त्याच्या फोनच्या मागोमाग तिची नजर वरच्या पायरीवर गेली. तिथे, झेंडूच्या कमानीखाली, भाड्याचा सूट आणि आपलीच हॅट घालून एलिसेओ हसत होता. पुढ्यात त्याच्या आवडीची, मोलेच्या दाट रश्श्यातली कोंबडी, वाटीभर.

तिने यारेलीचं मनगट धरून तिला पुस्तकांच्या कपाटामागे ओढलं.

"हा इथे कुणी ठेवला?"

"मी. बाई म्हणाल्या, वडिलांचा आणशील का? नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. तूच शिकवलंस, आमा, एकदा सांगितलं की त्याला धरून राहायचं."

"अगं करंटे, जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवत नाहीत! पितरं जेवायला येतात आणि जाताना ज्याचा फोटो त्याला घेऊन जातात! बोलावणं असतं ते!"

यारेलीचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं होतं?"

खरंच कुणी सांगितलं होतं? सांगायचं तिने होतं, आणि ती बारा तास डाळिंबं निवडत होती. पोरीला तिने लपायला शिकवलं, खोटं बोलायला शिकवलं, आणि जे तिच्या स्वतःच्या आईने तिला झेंडू ओवता ओवता शिकवलं होतं तेवढंच राहून गेलं.

ती कपाटाआडून पुढे आली. फोटो तिथेच ठेवावा तर पितरं नेतील. काढावा तर सगळ्यांसमोर काढावा लागणार, त्या माणसाच्या फोनसमोर, आणि ज्याला ज्याला ही रीत ठाऊक आहे त्याला त्याला कळणार. तिने फोनकडे पाहिलं. मग एलिसेओकडे पाहिलं. मिग्रापासून पळता येतं, लपता येतं, धरलं तरी वाळवंट तुडवून परत येता येतं, एलिसेओ आलाच होता. पितरांनी नेलेला कोण परत आलाय?

ती सरळ चालत गेली, दोन पायऱ्यांमधून हात घालून तिने फोटो उचलला आणि छातीशी धरला. एक पेला कलंडला. सगळे बघायला लागले. कुणीतरी दचकून म्हणालं, "अहो, काय करताय?" आणि ओतिलियाचा इतक्या वर्षांचा धीर सुटला.

"तो मेलेला नाही!" ती स्पॅनिशमध्ये ओरडली. "मी खोटं सांगितलं. देवा, तो मेलेला नाही, त्याला नेऊ नका!"

यारेली ओठ चावत उभी. बारागान बाईंचा हात तोंडावर. आणि मग खुर्च्यांमधून कण्हत कण्हत दोन्या चोले उठली.

"जळो तुझं तोंड, ओतिलिया," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, दोघांनाही मारा." ती गुडघे सांभाळत ओफ्रेंदापर्यंत गेली आणि तिने एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक असे आपले दोन दांडगे मुलगे उचलले. दोघांचेही तिने तिथेच मुके घेतले.

मग एक तरुण आई उठली. मग शेडमधली आणखी एक. एका माणसाने भावाचा फोटो उचलला, आणि त्याच्या शेजारचा आपल्या सासूच्या फोटोपुढे जरा रेंगाळला तेव्हा त्याच्या बायकोने असं खाकरलं की त्याने तोही पटकन उचलला. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले, आणि बहुतेकांनी दोन्ही केलं. पायऱ्यांवर जागोजाग मोकळ्या जागा पडल्या. खरोखर मेलेले तेवढे मागे उरले, म्हातारेकोतारे, आपापल्या पेल्यांपाशी शांत.

व्हिटेकरने फोन खाली केला होता. त्याला स्पॅनिश येत नव्हतं. त्याने बाईंना इंग्रजीत विचारलं, "काय चाललंय हे? फोटो का उचलून नेतायत?"

ओतिलियाला इंग्रजी बोलता येत नसे, कळे मात्र सगळं. हे तिने कुणालाच कधी कळू दिलं नव्हतं. आता कळेल, तिच्या मनात आलं. ही बाई कुणाची आहे ते आता या घडीला कळेल. इतके दिवस पोरांना हिने शिकवलं, आपला इतिहास लपवू नका, खरं ते सांगा. बोल बाई. सांग आता खरं.

बारागान बाई व्हिटेकरकडे वळल्या. त्यांच्या मानेवरची शीर उडताना ओतिलियाला दिसत होती.

"रीत आहे आमची," बाई म्हणाल्या. "कार्यक्रम संपत आला की ज्याने त्याने आपलं माणूस उचलून घरी न्यायचं."

"सगळ्यांनी नाही नेलं."

"जे अलीकडे गेलेत त्यांनाच नेतात. जुन्यांना घाई नसते."

"आणि ती बाई ओरडली ते?"

"नवऱ्याला निरोप देत होती," बाई म्हणाल्या, आणि डोळ्याची पापणी हलू दिली नाही.

काय सफाईने खोटं बोलली! ओतिलिया बघतच राहिली. तिला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी असंही वाटलं की इतकं छान खोटं बोलणाऱ्या बाईवर यापुढे जरा जपूनच विश्वास ठेवायला हवा. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

व्हिटेकरचा चेहरा मवाळ झाला. माणूस दुष्ट नव्हता. तो ओतिलियापाशी आला, जरासा वाकला, छातीवर हात ठेवून त्याने तिने धरलेल्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं, हॅट, मिशी, हसू, सगळं. मग म्हणाला, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. चांगला माणूस दिसतो."

"थँक यू," ओतिलिया म्हणाली.

पोरीला घेऊन ती बाहेर पडली. ऊन कलतं झालं होतं, पण चांगला उजेड होता. तिने ट्रककडे पाहिलं. ट्रक रिकामा होता.

नेलं, तिला वाटलं. उशीर झाला आपल्याला, नेलं. कुणी नेलं एवढाच प्रश्न होता. आणि मग तिला एलिसेओ दिसला. दोन गाड्यांमध्ये अडकलेली एक लांबलचक चकचकीत गाडी मागे घ्यायला तो मदत करत होता. हॅट हातात घेऊन तो ती हलवत होता. "येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, येऊ द्या, बस!" गाडीत व्हिटेकर होता. त्यांच्या आधी दुसऱ्या दाराने निघून तो गाडीत बसलासुद्धा होता.

यारेलीने तिचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. ओरडावं तरी पंचाईत, धावावं तरी पंचाईत. फोटो तिच्या छातीशी, चेहरा बाहेर.

गाडी सुटली. व्हिटेकरने काच खाली केली. एलिसेओने हॅट डोक्यावर चढवली आणि खिडकीशी वाकून दात दाखवत हसला, फोटोतलं तेच हसू, तीच मिशी, तीच हॅट. हातभर अंतरावर. व्हिटेकरने त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"ग्रासियास, आमिगो," येत होते तेवढ्या दोन स्पॅनिश शब्दांत त्याने आभार मानले.

मग त्याला पलीकडे उभ्या मायलेकी दिसल्या. त्याने पुन्हा छातीवर हात ठेवला, दुःखी चेहऱ्याने मान लववली आणि गाडी रस्त्याला लावली.

"कोण गं तो?" एलिसेओने विचारलं. "भला माणूस वाटला. आणि माझा फोटो कशाला काढून आणलास भिंतीवरचा?"

"बस गाडीत," ओतिलिया म्हणाली. ती बसली, दार लावलं आणि तिला हसू फुटलं. पोट धरधरून हसली ती. जिवंत होता, सुटला होता, शेजारी बसून किल्ली शोधत होता. यारेलीही हसायला लागली. आणि ट्रक सुरू होऊन शाळेच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ओतिलियाचं हसू कुठल्या कुठे गेलं आणि तिच्या अंगाची आग आग झाली.

"त्याने पाहिलं होतं गं," ती पोरीला म्हणाली. "आता आत, या फोटोकडे किती वेळ पाहत होता. माझं सांत्वन केलं मेल्याने. आणि बाहेर येऊन याच्याच तोंडाकडे बघून ग्रासियास म्हणाला. त्याला हा दिसलाच नाही."

"बरं झालं ना, आमा?"

"झालं बरं. झालंच." तिने फोटोवरची झेंडूची पाकळी नखाने काढून टाकली. "पण तुझ्या बाईला माझा निरोप सांग. हा विषय बंद पडू द्यायचा नाही म्हणावं, मी येईन मंडळापुढे, लागेल तेवढं ओरडेन. आणि त्या माणसाचं नाव घाला म्हणावं वर्गात. पहिल्या बाकावर बसवा त्याला."